बिशपला बोट लागली

पेपरात तेरा ओळी आल्या.
जन्म, शिक्षण, दीक्षा, कुठे कुठे पाळक,
मग आर्चडीकन, मग एकवीस वर्षं बिशप.
पत्नी आधीच गेलेली. मूलबाळ नाही.
फोटोत मुकुट जरा डावीकडे कललेला.
तो नेहमीच तसा असायचा,
डोकंच तिरकं होतं त्यांचं.

तेरा ओळींत बोट नाही.
बोट माझी. बत्तीस फुटी, नाव 'पेशन्स',
आणि त्या एकवीस वर्षांतली अर्धीअधिक
तिच्या मागच्या फळीवर गेली, लोकरीच्या मोज्यांत.
न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्याला रस्ते नव्हतेच.
देवाकडे जायचं तरी पाण्यानं.

अझराया व्होकी, स्कलेट कोव्हचे.
बाप कॉड खारवणारा, आई कॉड चिरणारी.
सातव्या वर्षी हातात सुरी,
अकराव्या वर्षी पाळकानं दिलेलं लॅटिनचं पुस्तक.
त्याच्या पानांना शेवटपर्यंत माशाचा वास होता.
मला हुंगायला द्यायचे.

बिशपचा दंड पेटीत, तीन तुकड्यांत, पितळी आट्यांचा.
लाटा उठल्या की आतल्या आत खडखडायचा.
एका वस्तीवर नऊ पोरांचं दृढीकरण,
पुढच्या वस्तीवर दोनच,
त्यातलं एक गोवर येऊन अंथरुणात.
तिथे गेले. मुकुट छपराला अडला,
काढून खुंटीला लावला, बापाच्या टोपीशेजारी,
आणि पोराच्या तापल्या डोक्यावर हात ठेवला.
कुणाची विहीर खारट झाली तर म्हणायचे, वर लिहितो.
लिहायचे.
उत्तर यायचं नाही.

मग सरकारचंच पत्र आलं.
वस्त्या लहान, शाळा नाही, डॉक्टर नाही, उठा.
माणशी इतके डॉलर.
लोकांनी घरं रिकाम्या पिंपांवर बांधली
आणि ओढत नेली खाडीपार, पडद्यांसकट.
एका खिडकीत कुंडी तशीच होती, तांबड्या फुलांची. मी पाहिली.
देऊळ मात्र कुणी ओढत नेत नाही.
त्यासाठी बिशप लागतो.

कागद वाचायचा: ही इमारत आजपासून नुसती इमारत.
चार मिनिटं.
वेदीवरचं कापड काढायचं, दिवा विझवायचा,
किल्ली खिशात.
असं सोळा ठिकाणी.
रॅग्ड हार्बरला ट्रायफिना म्हातारी उंबऱ्यात बसली, उठेना.
"ज्यानं उघडलं त्यानं बंद करावं. तू कोण?"
बिशप तिच्याजवळ पायरीवर बसले, अर्धा दिवस.
काय बोलले ठाऊक नाही, मी इंजिनाशी झटत होतो.
शेवटी तिनंच हात देऊन त्यांना उठवलं.

सोळावं स्कलेट कोव्ह.
बाकं त्यांच्या बापानं केलेली,
फुटलेल्या जहाजाच्या लाकडाची.
तिसऱ्या बाकाच्या पोटाला अ. व्हो. कोरलेलं,
मासे चिरायच्या सुरीनं.
मला वाटलं, आवाज अडेल.
अडला नाही.
आमेन म्हणायला मी एकटा,
आणि दारात एक बकरी, कुणाची तरी विसरून राहिलेली.

परतताना पाणी आरशासारखं.
म्हणाले, इंजिन थांबव.
नोव्हेंबरच्या उभ्या लाटांत
जो माणूस उकडलेलं अंडं सोलून खायचा,
त्याला त्या सपाट पाण्यावर बोट लागली.
कठड्यावरून इतके वाकले
की अंगठीचा हात मनगटापर्यंत बुडाला.
मी दुसरीकडे बघत राहिलो.
तोंड धुतलं. म्हणाले,
"गिडियन, हे कुणाला सांगू नकोस."
नाही सांगितलं.
आज पेपर आला, म्हणून.

टपालानं बिस्किटांचा एक डबाही आलाय, माझ्या नावानं.
आत किल्ल्या. मोजल्या, सतरा.
बायको म्हणते, चुकलास.
पुन्हा मोजल्या.
सतरावी लहान, गंजलेली, देवळाची वाटत नाही.
मिठाच्या कोठाराची असेल, त्यांच्या बापाच्या.
आमच्या शेडच्या कुलपाला लावून पाहिली.
फिरत नाही.
तेलात घालून ठेवलीय.